वेत्रासन व वेताचें रान

वेताची खुर्ची ही साहेबाबरोबर आलेली वस्तु, असा समज आमच्याकडे रूढ आहे. सांगाड्यापुरता तो खरा असेल, आसनापुरता नाहीं. कुमारसंभवाच्या सहाव्या सर्गांत हिमालय सप्तर्षींस बसावयास देतो तीं वेत्रासनेंच होत. राजद्वारावरील रक्षकाच्या हातीं वेत असे, म्हणून शाकुंतलांतील प्रतीहारीचें नांवच वेत्रवती. तो वेत रानांतून कोणाच्या अधिकारानें निघे, व त्या रानाचा कैवारी कोण, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम शब्दाविषयीं. अमरकोशांत वेतसाचे पर्याय म्हणून वानीर, वंजुल इत्यादि नांवें येतात. तीं पाणवठ्यावरील वाळुंजासारख्या झाडांसही लावितात. वेत्र म्हणजे मात्र ताडाच्या कुळांतील, आंकड्यांनीं थोर वृक्षांस धरून वर चढणारी कांटेरी वेल. जुन्या कागदांत 'दुसऱ्या वेताची म्हैस' भेटते तिचा आमच्या विषयाशीं संबंध नाहीं, हें संग्राहकांस सांगणें नलगे.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत कुप्याध्यक्षाच्या स्वाधीन जे रानमाल केले आहेत, त्यांत वेणुवर्ग निराळा व वल्लीवर्ग निराळा. वल्लीवर्गाच्या अग्रभागीं वेत्र आहे. बांबू व वेत यांची आज बाजारांत जी सर्रास गल्लत होते, ती त्या ग्रंथकारानें केली नाहीं. आपत्प्रसंगावांचून द्रव्यवन तोडणाऱ्यास दंडही त्याच अध्यायांत सांगितला आहे. म्हणजे वेल झाली तरी ती राजाच्या मोजदादींत होती.

मराठी राज्यांतील धोरण पाहावयाचें तर सुमारें १७१५ सालचें रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र पाहावें. आरमारास लागणारें सागवानादि लांकूड हुजूरच्या परवानगीनें रानांतून न्यावें, अधिक लागेल तें परमुलखांतून विकत आणावें. आंबा व फणस यांस मात्र हात लावूं नये, कारण रयतेनें तीं झाडें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, असा त्याचा आशय आहे. या व्यवस्थेचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटत आलें आहे. परंतु ती नीट वाचतां दिसतें कीं, सागाच्या पाठीशीं सरकार आहे व आंब्याफणसाच्या पाठीशीं रयत. वेताचें त्या उताऱ्यांत नांव नाहीं. त्याच्या पाठीशीं कोणीच नाहीं.

पुढें इंग्रजी अमलांत बड्या घरीं सांगाडा ब्रह्मी सागाचा व विणकाम सिंगापुरावरून आलेल्या वेताचें, अशी खुर्ची येऊं लागली. एका आसनास दोन परदेशी रानें लागलीं. पैकीं सागाची कथा रत्नागिरीकरांच्या डोळ्यांसमोर आहे. १८६३ सालीं स्थापन झालेल्या बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशननें ओंडक्यांचा पुरा कर भरला नाहीं, म्हणून ब्रह्मी दरबारानें १८८५ सालीं तिला सुमारें २३ लक्ष रुपये दंड ठोठावला. इंग्रजांस युद्धाचें निमित्त मिळालें, आणि थिबा राजा १८८६ सालीं कैदी होऊन रत्नागिरीस आला. येथेंच तो १९१६ सालीं वारला. सागाकरितां झालेल्या तंट्यानें राज्य बुडालें, म्हणून सागाचें दप्तर राहिलें. त्याचा वाडा आजही लोक पाहावयास जातात. वेताचा असा वाडा कोठें नाहीं.

वास्तविक वेताची हानि सागाहून विलक्षण आहे. बेटानें वाढणाऱ्या जाती कापल्यावर पुन्हां फुटतात. परंतु खुर्चीच्या जाड सांगाड्यास ज्याचा वेत उत्तम, तो मलायाकडील कॅलॅमस मनान एकखोडी आहे. तो कापला कीं मेला. शिवाय आधाराचा वृक्ष गेला कीं वेतही गेला. म्हणून सगळा दोष वेत काढणाऱ्यावर घालणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. त्याला उभें रानच हवें असतें. मळ्यांसाठीं रान साफ करणारांनीं केलेला संहार त्याच्या कोयत्याहून मोठा आहे. इंडोनेशियानें १९८६ सालीं कच्च्या वेताची निर्यात बंद केली. ती रानापेक्षां तेथील कारखानदारांच्या सोईची होती, असें आमचें मत आहे.

आमच्या कायद्यानें तर वेताची जातच बदलली. १९२७ च्या वन अधिनियमाच्या व्याख्येंत 'वृक्ष' या शब्दांत बांबूबरोबर वेतही घातला गेला. २०१७ सालीं बांबू त्यांतून काढला. वेत तसाच ठेविला. इकडे २००६ चा वनहक्क कायदा वेतास गौण वनोपज म्हणतो. कौटिल्याची वेल एका कायद्यानें वृक्ष, दुसऱ्यानें गौण! वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत असें लिहिलें असतें, तर आम्हीं गुण दिले नसते.

सह्याद्रीच्या रांगेंत वेताच्या वीसाच्या आसपास जाती आहेत. दक्षिण कोंकणांतील सदाहरित रानांत कॅलॅमस स्यूडोटेन्युइस हा बारीक वेत होतो. रत्नागिरी जिल्ह्यांत सरकारी राखीव रान पहिल्यापासून थोडें. डोंगर बहुतेक खोतांचे व खाजगी. तेथें आंबा व फणस टिकले, कारण त्यांचा धनी फळ खातो. जळणासाठीं व कोळशासाठीं डोंगर तुटला तेव्हां वेताबद्दल दाद मागणारा कोणी नव्हता.

म्हणून बंदरांच्या जकातीच्या याद्या व सावंतवाडीकडील घरगुती जमाखर्च ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस विनंति कीं, 'वेत' हा शब्द आढळेल तेथें त्याची मोजणी भाऱ्यांवर आहे कीं नगांवर, आणि माल घाटावरून उतरला कीं गलबतांतून आला, एवढें टिपून ठेवावें.