‘टी’ पुसला कोणी?

ज्या ओळीत कास्ट लिहिलेलाच नाही, नेमकी तीच ओळ ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ देते. मढहून फेरीबोटीने वेसाव्याला उतरून अंधेरीत सॉफ्टवेअरच्या कामाला जाणाऱ्या ज्या मुलामुलींनी जुना जावा कोड सांभाळला आहे, त्यांच्या हे चांगलेच ओळखीचे असेल. लिस्ट स्ट्रिंगची, काढले ते स्ट्रिंग म्हणूनच, कंपायलरने हूं की चूं केले नाही. आणि भर कामात प्रोग्राम कोसळून सांगतो की आत इंटिजर होता. या गोंधळाचे मूळ शोधायचे तर जावाच्याही मागे जावे लागते, आणि त्या वाटेवर पुण्याशी नाते असलेला एक माणूस भेटतो.

1970 मध्ये निकलाउस विर्ट यांनी झुरिकच्या ईटीएच या संस्थेत पास्कल भाषा घडवली. प्रकारांच्या बाबतीत ती फार कडक होती. अ‍ॅरेची लांबीसुद्धा त्याच्या प्रकाराचाच भाग. त्यामुळे दहा आकड्यांचा अ‍ॅरे क्रमाने लावणारी प्रोसिजर वीस आकड्यांच्या अ‍ॅरेला चालत नसे. ब्रायन कर्निगन यांनी 1981 मध्ये पास्कलवर लिहिलेल्या प्रसिद्ध टीकेत हाच मुद्दा आघाडीवर होता. यावरचा उतारा तोवर दुसरीकडे तयार होत होता. ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी 1967 मध्ये कोपनहेगनच्या व्याख्यानांत ‘पॅरामेट्रिक पॉलिमॉर्फिझम’ ही कल्पना मांडली. प्रकारालाच चल मानायचे, म्हणजे एकच फंक्शन कुठल्याही प्रकारासाठी, ‘टी’साठी, लिहिता येते. रॉबिन मिल्नर यांनी एडिंबऱ्यात एमएल भाषेसाठी 1978 मध्ये त्याला पक्का गणिती पाया दिला, तर बार्बरा लिस्कोव्ह यांनी त्याच दशकात एमआयटीत ‘क्लू’ भाषेतून हीच कल्पना रोजच्या प्रोग्रामिंगमध्ये आणली.

झुरिकमध्ये मात्र वेगळाच प्रश्न होता: पास्कल प्रत्येक कंपनीच्या यंत्रावर चालवायची कशी? उत्तर निघाले ते एका काल्पनिक यंत्राचे. कंपायलरने त्या यंत्रासाठी कोड तयार करायचा आणि ज्याने त्याने आपल्या संगणकावर ते छोटे यंत्र उभे करायचे. हा पास्कल-पी कंपायलर लिहिणाऱ्यांत अम्मान, येन्सेन, नेगेली यांच्याबरोबर केशव नोरी होते. हेच नोरी पुढे पुण्याच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात आले. त्यांच्या चमूचा पी-कोड सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेला आणि तिथून घरगुती संगणकांवर पसरला. जेम्स गॉसलिंग यांनी विद्यार्थिदशेत याच कुळातल्या कोडचे भाषांतर करणारा प्रोग्राम लिहिला होता, आणि जावाच्या आभासी यंत्रामागे तो अनुभव होता असे त्यांनी सांगितले आहे. मला हा धागा फार मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या संगणक इतिहासात निर्यातीच्या आकड्यांना जेवढी जागा मिळते, तेवढी अशा कामाला मिळत नाही.

1995 ची जावा ‘टी’शिवाय आली. लिस्टमध्ये काहीही घाला, ते ‘ऑब्जेक्ट’ म्हणून राहणार. काढताना कास्ट आपण लिहायचा. ही उणीव भरायला मार्टिन ओडर्स्की आणि फिलिप वॉडलर यांनी आधी ‘पिझ्झा’ ही भाषा केली. मग 1998 मध्ये गिलाड ब्राखा आणि डेव्हिड स्टाउटमायर यांच्यासह त्यांनी ‘जीजे’ ही ‘टी’ असलेली जावा मांडली. पण आधी कंपाइल झालेले सारे क्लास तसेच चालले पाहिजेत आणि आभासी यंत्राला धक्का लागता कामा नये, ही अट होती. म्हणून कंपायलर ‘टी’ तपासतो आणि तपासून झाल्यावर पुसून टाकतो. मढच्या बंदरावर पापलेटचा खोका नीट पारखून भरावा आणि ट्रकवर चढवताना त्याची चिठ्ठी काढून टाकावी, तसे. ‘जेनेरिक्स’ नावाची ही सोय जावा 5 मधून 30 सप्टेंबर 2004 रोजी सर्वांच्या हाती आली.

मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज प्रयोगशाळेतल्या डॉन साइम आणि अँड्र्यू केनेडी यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी डॉटनेटचे यंत्रच बदलले, त्यामुळे 2005 च्या सी-शार्पमध्ये प्रकार चालत्या प्रोग्राममध्येही शाबूत राहतो. किंमत म्हणून जुनी आणि नवी अशी कलेक्शन्सची दोन कुटुंबे शेजारी शेजारी नांदवावी लागली. जावाचा निर्णय मला तरीही योग्य वाटतो. तोवर तिच्यावर उभ्या राहिलेल्या कोडचा पसारा फार मोठा होता.

जावातल्या बऱ्याच एरर या वंशावळीतून उलगडतात. स्ट्रिंगची लिस्ट घेणारी आणि इंटिजरची लिस्ट घेणारी अशा एकाच नावाच्या दोन मेथड एका क्लासमध्ये चालत नाहीत, कारण पुसल्यावर दोन्ही सारख्याच उरतात. ‘न्यू टी’ लिहिता येत नाही, कारण तो कोण हे चालत्या प्रोग्रामला ठाऊकच नसते. इंटिजरची लिस्ट नंबरच्या लिस्टच्या जागी न चालण्याचे कारण मात्र निराळे आहे: ते चालू दिले तर त्या लिस्टमध्ये कोणी अपूर्णांक घालील. अ‍ॅरेला ही मुभा जावाने पहिल्यापासूनच दिली होती, आणि म्हणूनच तिथे ‘अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन’ होते. लिस्टमधून फक्त वाचायचे असेल तर ‘एक्स्टेंड्स’, तिच्यात फक्त घालायचे असेल तर ‘सुपर’, हा जोशुआ ब्लॉक यांचा नियम लिस्टची ही आडकाठी सोडवायला कामी येतो.

राहिली ती पहिली एरर. कंपाइल झालेला क्लास ‘जावापी’ला ‘सी’ हा पर्याय देऊन उघडला, की आपण न लिहिलेली ‘चेककास्ट’ ही सूचना दिसते. ‘टी’ पुसताना कंपायलरने ती स्वतःच घातलेली असते, आणि प्रोग्राम कोसळतो तो तिथे. दोष मात्र त्या ओळीत नसतो. तो चुकीचा इंटिजर जिथे आत शिरला तिथे, बहुधा विनाप्रकार लिहिलेल्या एखाद्या जुन्या लिस्टपाशी असतो. तिथे कंपायलरने ‘अनचेक्ड’ अशी वॉर्निंग दिलेली असते, आणि कोणीतरी ‘सप्रेसवॉर्निंग्ज’ लिहून ती गप्प केलेली असते. शोध तिथून सुरू करावा.