‘क्ष’ नावाचा आजार

सन १८९३. फिलाडेल्फियातील डॉ. आल्फ्रेड हँड यांनी तीन वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलाला न शमणारी तहान, अमाप लघवी, खोबणीतून पुढे आलेले डोळे, आणि कवटीचे हाड ठिकठिकाणी पोखरलेले. हँड यांनी दोष दिला क्षयाला. त्या काळी हाड पोखरणारा रोग म्हटला की क्षयच आठवे.

१९१५ मध्ये व्हिएन्नाच्या आर्थर श्यूलर यांना क्ष-किरण चित्रात अशाच कवट्या दिसल्या, नकाशासारख्या भोके पडलेल्या. त्यांचा आणि पुढे बोस्टनच्या हेन्री ख्रिश्चन यांचा संशय पीयूषिका ग्रंथीवर होता. तहानेपुरता तो योग्यच होता, कारण मूत्रावर ताबा ठेवणाऱ्या संप्रेरकाची वाट या ग्रंथीतूनच जाते. तिकडे लेटरर (१९२४) व सिवे (१९३३) यांनी अंगावर पुरळ आणि वाढलेले यकृत-प्लीहा असलेल्या तान्ह्या मुलांचा एक घातक आजार नोंदवला. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे लिश्टेनस्टाइन व जाफे यांनी मुलांच्या एखाद्याच हाडात होणारी, अर्बुदासारखी दिसणारी पण बहुधा बरी होणारी गाठ वर्णिली. तीन रोग, तीन नावे.

१९५३ मध्ये लिश्टेनस्टाइन यांनीच ते एकत्र केले, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तिन्हींत एकाच तऱ्हेच्या पेशी होत्या. नाव दिले ‘हिस्टिओसायटोसिस एक्स’. एक्स म्हणजे आपला बीजगणितातला क्ष, अज्ञात. वैद्यकाच्या इतिहासात इतके प्रामाणिक नाव विरळाच.

उत्तर आले त्वचेतून. १८६८ मध्ये बर्लिनमधील पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने सुवर्ण क्लोराइडने रंगवलेल्या त्वचेत फांद्याफांद्यांच्या पेशी पाहिल्या होत्या व त्यांना मज्जापेशी मानले होते. १९६१ मध्ये बिरबेक यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या पेशींत टेनिसच्या रॅकेटसारखे कण दिसले. तेच कण १९७३ मध्ये पॅरिसच्या नेझलॉफ यांना ‘एक्स’च्या पेशींत सापडले, आणि रोगाचे नाव झाले ‘लँगरहान्स पेशी हिस्टिओसायटोसिस’. गंमत अशी की, या पेशी त्वचेतल्या नसून अस्थिमज्जेतील पूर्वज पेशींपासून आलेल्या असाव्यात, असे आता जनुकीय अभ्यास सांगतात.

हा कर्करोग की दाह, हा वाद मात्र दीर्घकाळ चालला. २०१० मध्ये निम्म्याहून अधिक नमुन्यांत ‘बीआरएएफ’ जनुकाचे उत्परिवर्तन आढळले आणि पारडे अर्बुदाकडे झुकले. या जनुकाला रोखणाऱ्या औषधांनी गंभीर आजारी मुलांतही रोग झपाट्याने ओसरतो. औषध थांबवले की पुष्कळदा तो परततो.

दरवर्षी दहा लाख मुलांमागे सुमारे ४-५ जणांना होणारा हा आजार भारतात सहज निसटतो. मुलाचा मणका खचलेला दिसला, कान वाहत राहिला, की इथे पहिला संशय क्षयाचाच येतो. क्षय इथे आहेच, त्यामुळे तो संशय अवाजवीही नाही. निर्णय होतो तो हाडाचा तुकडा काढून, ‘सीडी१ए’ व ‘लँगरिन’ या खुणा तपासल्यावर. ती तपासणी झाली नाही, तर मूल महिनोन्महिने क्षयाची औषधे घेत राहते.