स्वतःला स्वीकारा, शिक्का नाकारा : सोपाऱ्याच्या दासीपुत्रापासून आपल्यापर्यंत

‘तुम्ही जसे आहात तसे स्वतःला स्वीकारा, मन शांत राहील’ हा उपदेश आज प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरतो आहे. उपदेश वाईट नाही. पण तो ज्यांना केला जातो त्यांच्या इतिहासाचा त्यात पत्ता नाही.

आम्ही वसई-विरार पट्ट्यात तरुणांसोबत काम करतो. मुंबईतल्या चाळी आणि झोपडपट्ट्या सोडून नालासोपारा-विरारला आलेली कितीतरी कुटुंबे आपलीच आहेत. त्यांच्यातला एखादा मुलगा भाड्याची खोली बघताना आडनाव गिळतो. एखादी मुलगी ऑफिसातल्या मैत्रिणींना घरी बोलावत नाही, कारण हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे. अनेकजण विरार लोकलच्या गर्दीत आरक्षणावरची टिंगल ऐकून घेतात, वर हसण्यात सामीलही होतात. रात्री झोप येत नाही ती त्यामुळे. या मुलांनी ‘स्वतःला स्वीकारायचे’ म्हणजे नेमके काय स्वीकारायचे?

हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण ‘स्वीकारा’ हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितले गेले. मागच्या जन्मीचे कर्म आहे, वाट्याला आले ते गोड मानून घ्या, पायरीने राहा. तो उपदेश माणसाला स्वतःचा स्वीकार करायला लावत नव्हता, इतरांनी मारलेल्या शिक्क्याचा स्वीकार करायला लावत होता. आमचा मुद्दा एवढाच आहे की या दोन गोष्टी एक नाहीत. एक केल्याशिवाय मन सावरत नाही, आणि दुसरी नाकारल्याशिवाय पहिली करताच येत नाही.

वाटणीत धरलेला माणूस

याचा पहिला धडा आपल्याच गावात आहे. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात इथल्या पूर्णाची कथा येते. एक श्रीमंत व्यापारी आजारी पडला. बायको-मुलांनी त्याला वाऱ्यावर सोडले आणि घरातल्या दासीने सेवा करून त्याला वाचवले. त्या दासीच्या पोटी व्यापाऱ्याला झालेला मुलगा म्हणजे पूर्ण. पुढे बाप गेला, भावांच्या वाटण्या झाल्या. तेव्हा पूर्णाला वाटेकरी म्हणून धरले नाही. दासीच्या मुलाला कसला वाटा, म्हणत त्यालाच वाटण्याच्या मालमत्तेत धरले.

अवदान ही कथा आहे, सरकारी दप्तर नव्हे. पण माणसाला माल समजणारी समाजव्यवस्था त्यात स्पष्ट दिसते. पूर्ण रडत बसला नाही. चंदनाच्या व्यापारात तो मोठा झाला आणि अनेकदा समुद्रसफर करून आला. एका सफरीत सहप्रवाशांच्या तोंडून त्याने बुद्धवचने ऐकली. मग तो श्रावस्तीला जाऊन भिक्खू झाला.

पाली ‘मज्झिम निकाया’तल्या पुण्णोवाद सुत्तात पुण्ण आणि बुद्ध यांचा संवाद आहे. सोपारा ज्या प्रदेशात धरले जाते त्या सुनापरान्तात त्याला परत जायचे असते. तिथले लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील, दगड मारले तर, शस्त्र उगारले तर, असे बुद्ध त्याला एकेक करून विचारतात. प्रत्येक प्रश्नाला तो न डगमगता उत्तर देतो. कोणी म्हणेल, हा तर ‘सहन करा’ असाच धडा झाला. आम्हाला तसे वाटत नाही. पुण्ण तिथे दयेची भीक मागायला गेला नाही, शिकवायला गेला. त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात आणल्या, असे सुत्त सांगते. लोक काय म्हणतात यावर त्याची स्वतःबद्दलची किंमत ठरत नव्हती, म्हणून तो त्यांच्यात उभा राहू शकला. आम्ही स्वतःचा स्वीकार म्हणतो तो हा.

ही आठवण आपल्यापासून किती लांब गेली होती बघा. इथल्या स्तूपाच्या टेकाडाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत होते. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खोदले. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक होता आणि त्याभोवती आठ कांस्यमूर्ती होत्या. करंडकात एकात एक ठेवलेल्या डब्या होत्या आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तुकडे होते. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले जातात. हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला. आणखी एका शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला मिळाला, तो १९५६ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी. ज्यांचा इतिहास गाडला जातो, ते स्वतःकडे दुसऱ्यांच्या नजरेने बघू लागतात.

बडोद्यातले अकरा दिवस

आडनाव लपवणाऱ्या मुलांना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. ही वेळ खुद्द बाबासाहेबांवरही आली होती. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला हा माणूस १९१७ मध्ये बडोदा संस्थानात नोकरीला गेला, तेव्हा शहरात त्याला राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नावाने नोंद करून ते एका पारशी सरायीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आसरा दिला नाही. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले.

अठरा वर्षांनंतरही ते आठवले की डोळे भरून येतात, असे त्यांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत नोंदवले आहे. इतका मोठा माणूस आपले दुखणे लपवत नाही. नाव बदलून राहावे लागले हेही लपवत नाही. लाज वाटायचीच तर ती काठी घेऊन आलेल्यांना वाटावी, ही समज त्या लिखाणात आहे. लपवण्यातून बोलण्याकडे जाण्याचा हा रस्ता पुढे आपल्या साहित्याने धरला. बाबुराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ १९६३ मध्ये आला, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये. जे घरातही कुजबुजत बोलले जाई ते छापून आले.

महाड ते नागपूर

पण बाबासाहेब केवळ बोलून थांबले नाहीत. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना सांगितले की लुगडे नेसण्याची पद्धत, अंगावरचे दागिने, ज्यावरून जात ओळखली जाते ते सोडा. काहीजण विचारतील, मग ‘जसे आहात तसे’ कुठे राहिले? उत्तर सोपे आहे. त्या खुणा त्या बायकांनी स्वतः निवडलेल्या नव्हत्या, त्यांच्यावर लादलेल्या होत्या. खूण टाकली, माणूस ठेवला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखोंनी एकत्र येऊन हेच केले. एकट्याने आरशासमोर उभे राहून ‘मी चांगला आहे’ म्हणणे आणि लाखोंसोबत बावीस प्रतिज्ञा घेणे, यात फरक आहे.

अमेरिकेचा अनुभवही हेच सांगतो. बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठातून पुढे डॉक्टरेट घेतलेल्या केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. कितीतरी काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. १९५४ च्या ब्राउन खटल्यात या कामाचा दाखला आला. न्यायालयाने मुलांना ‘स्वतःला स्वीकारा’ असा सल्ला दिला नाही, वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

मग आपण काय करायचे?

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला आणि डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला आपल्यातून गेले. ‘मनाने कमकुवत होते’ असे म्हणणारे तेव्हाही भेटले. दोघांच्या आया मात्र २०१९ मध्ये एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या. शिक्षणसंस्थांतला जातिभेद थांबवा, ही त्यांची मागणी होती. त्यांनी दोष आपल्या मुलांमध्ये शोधला नाही.

आपणही तिथूनच सुरुवात करावी. अपमान झाला तर तो आधी एका विश्वासाच्या माणसाला सांगा. ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ हे वाक्य मनात आले की ते कोणी शिकवले, हे विचारा. विहारात परित्राणपाठ होतो तसा महिन्यातून एक दिवस मोकळेपणाने बोलण्याचाही ठेवा. कोणी आडनाव सांगत नसेल तर त्याला भित्रा म्हणू नका. घर, नोकरी जाण्याची भीती खरी आहे. त्याच्या पाठीशी उभे राहा, तो आपण होऊन सांगेल.

आणि एक स्पष्ट सांगतो. नैराश्य हा आजार आहे, नुसत्या अभिमानाने तो बरा होत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणे नकोसे वाटत असेल तर डॉक्टरकडे जा. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे. अंगारे-धुपाऱ्यांत वेळ घालवू नका. आजारपणात लोक करतात त्या कर्मकांडांचे फळ अल्प असते आणि दास-नोकरांशी नीट वागणे हे खरे मंगल, हे अशोकाने नवव्या शिलालेखात कोरून ठेवले. त्याही लेखाचा तुकडा आपल्या सोपाऱ्याच्याच परिसरातला आहे.

बुद्धपौर्णिमेला स्तूपावर याल तेव्हा वंदना झाली की लगेच फोटो काढून परतू नका. सोबतच्या लहान मुलांना पूर्णाची गोष्ट सांगा. ज्याला भावांनी मालमत्तेत मोजले त्याचे नाव आज ग्रंथांत आहे, हे त्यांना शाळेत कोणी सांगणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!