श्वानाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया : खरी शुश्रूषा घरीच

कुत्रा मागचा पाय उचलून चालू लागला, की पायात काटा रुतला असावा, अशी पहिली समजूत होते. काटा सापडत नाही आणि लंगडणेही थांबत नाही, तेव्हा गुडघ्यातील अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, तुटल्याची शक्यता असते. माणसात तो बहुधा खेळताना एकाएकी तुटतो. कुत्र्यात मात्र बऱ्याचदा हळूहळू झिजत जाऊन तुटतो. लॅब्रॉडॉर, रॉटवायलर अशा वजनदार जातींत हा विकार अधिक आढळतो.

उपचाराच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत सांध्याबाहेरून मजबूत नायलॉनचा धागा बांधून गुडघा स्थिर करतात. ‘टीपीएलओ’ या दुसऱ्या पद्धतीत नडगीच्या हाडाचा वरचा भाग कापून, थोडा फिरवून, धातूची पट्टी व स्क्रूच्या साह्याने पुन्हा बसवतात. कापलेले हाड सांधण्यास साधारणपणे आठ ते बारा आठवडे लागतात.

धर्माबादसारख्या तालुक्याच्या गावातून अशा उपचारांसाठी उदगीर किंवा परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे, नाही तर हैदराबाद, पुण्यासारख्या शहरांकडे पाहावे लागते. शल्यविशारद दूर आणि रुग्ण घरात, अशी स्थिती असल्याने औषधांच्या वेळा, व्यायामाचा क्रम आणि पुढील तपासणीची तारीख निघण्यापूर्वीच लिहून घ्यावी. टाके काढण्याचे काम गावातील पशुवैद्यक करू शकतील का, हेही आधीच ठरवावे.

पहिले दोन आठवडे

सुरुवातीचे तीन-चार दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दिवसातून तीन-चार वेळा, दहा ते पंधरा मिनिटे गुडघ्यावर धरल्यास सूज व वेदना कमी होतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर कुत्र्याने जखम चाटू नये म्हणून गळ्यात संरक्षक कॉलर हवीच. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नयेत. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांसारखी औषधे कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

घरात शहाबादी किंवा गुळगुळीत फरशी असेल, तर कुत्र्याच्या वावराच्या जागी सतरंजी अथवा गोणपाट अंथरावे. जिने, खाट, सोफा यांवर चढणे-उतरणे पूर्ण बंद ठेवावे. शौचासाठी बाहेर नेताना साखळी लावावी आणि पोटाखालून टॉवेल घालून मागच्या भागाला आधार द्यावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डांबरी रस्ता पंजे भाजतो. त्यामुळे फेरी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, रस्ता निवल्यानंतरच व्हावी.

धोका बरे वाटू लागल्यावर

दोन-तीन आठवड्यांत कुत्रा पाय टेकू लागतो, उत्साही होतो. मालकाची पकड सैल होते ती इथेच. वेदना ओसरल्या तरी हाड कच्चेच असते. अंगणात सोडलेल्या कुत्र्याने मांजरामागे एक झेप घेतली, तरी स्क्रू ढिला होऊ शकतो किंवा पट्टी वाकू शकते, आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते.

म्हणून साखळी न सोडता पाच मिनिटांच्या संथ फेरीपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडी थोडी वाढ करावी. चाल संथ असली, तरच दुखरा पाय जमिनीवर टेकतो. वेगात कुत्रा तो उचलून तीन पायांवर पळतो. पशुवैद्यकाने दाखविल्याप्रमाणे गुडघा हलक्या हाताने वाकवून सरळ करण्याचा व्यायामही द्यावा. दोन्ही मांड्यांचा घेर दर पंधरवड्याला टेपने मोजल्यास स्नायू भरत आहेत की नाहीत, हे कळते. सहा ते आठ आठवड्यांनी क्ष-किरण तपासणी होते. मोकळे धावणे पशुवैद्यकाच्या अनुमतीनेच. त्यास बहुधा तीन-चार महिने लागतात.

या काळात हालचाल घटते, म्हणून आहारही बेताचा असावा. वाढलेल्या वजनाचा भार दुसऱ्या गुडघ्यावर पडतो, आणि एका पायाचा अस्थिबंध गमावलेल्या अनेक कुत्र्यांत कालांतराने दुसऱ्या पायाचाही तुटतो. जखमेतून स्राव येणे, सूज वाढणे, खाणे सुटणे किंवा टेकू लागलेला पाय अचानक पुन्हा उचलला जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे.