देवनागरी संगणकलिपीचे प्रमाणीकरण

देवनागरी मजकूर संगणकात कसा साठवावा आणि पडद्यावर वा कागदावर कसा उमटावा, याचे नियम ठरवण्याची प्रक्रिया. हे नियम उद्योगाच्या पसंतीने ठरावेत की मानक संस्थेने ठरवावेत, हा त्यातला जुना वाद. संगणकचित्रणातही तो झाला: ‘जीकेएस’ हे चित्रे रेखाटण्याचे तंत्र १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले, पण बाजारात पसरले ते कंपन्यांनी उचलून धरलेले ‘ओपनजीएल’ (१९९२).

वादाचे मर्म ‘वाशिम’ या एका नावात दिसते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेल्या या जिल्ह्याचे नाव कृतिदेव फॉन्टमध्ये टंकले, की संगणकात ओ, के, एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के, ई अशा सहा रोमन खुणा साठतात. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ‘श’च्या आधी येते; ‘श’ही अर्धा तुकडा आणि काना मिळून बनतो. फॉन्ट बदलला की नाव नाहीसे होते, उरतात त्या खुणा. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संकेतप्रणालीत व, काना, श, वेलांटी, म असे पाचच संकेत, उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी डावीकडे नेऊन बसवणे हे चित्रण करणाऱ्या प्रणालीचे काम. (नाव ‘वाशिम’ की ‘वाशीम’, हे मात्र युनिकोड ठरवत नाही, शोधताना दोन्ही लिहून पाहावे लागते.)

मानक नव्हतेच असे नाही. ‘इस्की’ हा संकेत भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून स्वीकारला. युनिकोडची देवनागरी मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. पण डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका छापून घ्यायला आलेल्याला संकेताशी कर्तव्य नसते. तिथे श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी हे फॉन्ट रुळले, कारण छपाई चांगली येई. खपाने सिद्ध झाले ते एवढेच. तोच मजकूर दुसऱ्या यंत्राला वाचता येईल का, त्यात शोध घेता येईल का, अकारविल्हे लावता येईल का, हे प्रश्न गिऱ्हाइकाने विचारलेच नव्हते. म्हणून खपाला मानकाची जागा देणे चूक होते.

याचा अर्थ उद्योगाला दूर ठेवावे असा नाही. युनिकोड हे मुळात कंपन्यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या संघाचे काम. फरक असा, की त्याचे तपशील खुले आहेत आणि आयएसओच्या १०६४६ या मानकाशी ते जुळते ठेवले जाते. ओपनटाइप हा मायक्रोसॉफ्ट आणि अडोबीचा फॉन्ट-आराखडा. तो २००७ मध्ये ‘ओपन फॉन्ट फॉरमॅट’ या नावाने आयएसओ मानक झाला. भारत सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड आणि हाच आराखडा निवडला.

मानक ठरवणाऱ्या समित्यांमुळेही मराठीला वाट पाहावी लागली. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणांना वेगळा संकेत नाहीच. ते काम फॉन्टमधल्या मराठीसाठीच्या सोयीवर सोपवलेले आहे. फॉन्टमध्ये ती सोय नसेल, तर ‘वाशिम’मधला ‘श’ हिंदी वळणाचा उमटतो.