नाव घ्यावयाचे ते कोणाचे?

बाईने नवऱ्याचे नाव घेऊ नये, घेतले तर त्याचे आयुष्य कमी होते, अशी समजूत आमच्या आज्यांच्या पिढीपर्यंत घट्ट होती. मग त्याला म्हणावयाचे काय? 'अहो', 'हे', 'इकडची स्वारी', 'धनी', नाहीतर थेट 'बंडूचे बाबा'. एका माणसापायी शब्दांची केवढी ही उधळपट्टी! परंतु ह्याच भाषेने त्या बाईची सोयही करून ठेवली होती. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला उखाण्याच्या आडून तिने ते नाव चारचौघींत घ्यावे, आणि तिने आढेवेढे घेतले तर इतरांनी ते हट्टाने घ्यावयास लावावे.

ज्या पुरुषांचा जीव पुरुषावरच जडला, त्यांच्या वाट्याला ह्यातला अर्धाच रिवाज आला. नाव न घेण्याचा. उखाणा काही आला नाही.

शब्दांवरून समाज वाचण्याची खोड आम्हां धुळेकरांना इतिहासाचार्य राजवाड्यांनी लावली. 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' लिहिताना ह्या गृहस्थाने कोणाचीही भीड धरली नाही. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यासच वारले; पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, आणि मंडळाने त्यांचे धातूंचे व शब्दव्युत्पत्तीचे कोश छापले. त्यांच्या चालीने पाहू गेल्यास नवरा, दादला, भ्रतार, घरधनी, पती असे शब्दांचे कोठार एका बाजूस भरलेले दिसते. दुसऱ्या बाजूस मित्र, सखा, सोबती, जिवलग. शब्द गोड खरे, पण सारे मैत्रीच्या घरून उसने आणलेले; त्यांतल्या एकावरूनही दोघांची चूल एक आहे की दोन, हे कळावयाचे नाही.

कायद्याने तर ह्या माणसांना शब्दच दिला नाही. १८६२ पासून अंमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमात निसर्गक्रमाविरुद्धच्या कृत्याचा उल्लेख होता; ते करणाऱ्यांचे एकमेकांशी काही नाते असेल, ही कल्पनाच त्यात नव्हती. गल्लीतल्या शिव्यांनी ती उणीव भरून काढली. त्या दिवाळी अंकात छापण्याजोग्या नाहीत, आणि आपणांस त्या पाठ असतीलच.

आपापसांत मात्र बोली घडत होती. स्वतःला 'कोती' म्हणविणारे आपल्या पुरुषाला 'पंथी' म्हणत. हिजड्यांच्या बोलीत नवऱ्याच्या जागी असलेला तो 'गिऱ्या'. हे शब्द बाहेरच्यांना कळू नयेत म्हणूनच होते. उघड्यावर आला तो 'दोस्त'. १९९० साली अशोक राव कवींनी मुंबईस 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले. १९९४ त तेथेच 'हमसफर' ट्रस्ट स्थापन झाला, आणि २००२ साली बिंदुमाधव खिरे ह्यांनी पुण्यात 'समपथिक' ट्रस्ट काढला. एक शब्द फारसी, दुसरा संस्कृत, अर्थ एकच: बरोबर वाट चालणारा. मला ह्यात मोठी मौज वाटते आणि थोडे वाईटही. दोन्ही शब्द वाटेवरचे, घरातला एकही नव्हे.

त्याच खिऱ्यांच्या कादंबरीचे नाव 'पार्टनर'. वपु काळ्यांनी ह्याच नावाची कादंबरी लिहून तो शब्द मध्यमवर्गीय घराघरांत नेलाच होता. आमच्या खानदेशात पार्टनर म्हणजे जिनिंगमधला नाहीतर कापडदुकानातला भागीदार. त्याचा करार स्टॅम्पपेपरावर होतो. कॉलेजच्या पोरांचा 'रूमपार्टनर' वेगळा. शब्द असा चार ठिकाणी वावरणारा असल्याने त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही, आणि नेमका हाच गुण कामास आला. सचिन कुंडलकरांनी 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) तर नावच टाळले. भाऊ आणि बहीण दोघेही ज्याच्या प्रेमात पडतात, तो भाडेकरू कादंबरीभर निनावी राहतो. आमच्या आजीचे 'ते' आणि ह्या मुलाचे 'तो' ह्यांत एका मात्रेचाच काय तो फरक.

धुळ्याच्या जुन्या पेठेत गल्ल्यांना क्रमांक आहेत. कॅप्टन ब्रिग्ज साहेबाने इंग्रजी अमदानीच्या आरंभी ती पेठ आखली. अशाच एका क्रमांकाच्या गल्लीत माझ्या नात्यातले एक गृहस्थ आणि त्यांचे स्नेही तीस वर्षे एका छपराखाली राहिले. गल्ली त्या स्नेह्यांना 'भाऊ' म्हणे. आमच्याकडे अर्धे गाव भाऊ आणि उरलेले आप्पा-नाना, त्यामुळे कोणाला काही विचारावे लागले नाही. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. माझे आप्त वारले तेव्हा अग्नी पुतण्याने दिला, दहाव्याला नातलगांची पंगत बसली, आणि भाऊ वाढप्यांबरोबर वाढत होते. दुखवट्याला आलेल्यांनी पुतण्याचे सांत्वन केले. भाऊंना काय म्हणावे हे कोणासच सुचेना; एक म्हातारी मात्र त्यांच्या शेजारी बराच वेळ नुसती बसून राहिली.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ व्या कलमातून सज्ञानांच्या राजीखुशीच्या संबंधांना वगळले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये हेच केले होते आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ते फिरवले होते. म्हणजे चार वर्षे मोकळीक, पाच वर्षे पुन्हा गुन्हा, असा तो खेळ झाला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क मात्र मिळाला नाही. २०२४ साली केंद्र सरकारने राज्यांना कळविले की, रेशनकार्डापुरते अशा जोडप्याला एकाच घरातले समजावे; बँकेत संयुक्त खाते काढण्यास किंवा एकाने दुसऱ्याला नॉमिनी करण्यास आडकाठी नाही, असाही खुलासा झाला. भाऊंना ह्यातले काही लाभले नाही.

पण नॉमिनीच्या अर्जात नावापुढे 'नाते' असा रकाना असतोच. माझ्या ओळखीचा एक तरुण गेल्या वर्षी तो अर्ज भरून आला.

"रकान्यात काय लिहिलेस?" मी विचारले.

"मित्र लिहिलं, नाना. जागा तेवढीच होती."

"आणि घरी त्याला हाक काय मारतोस?"

तो हसला. "अरे म्हणतो. तोही मला अरेच म्हणतो. आमच्यात अहो कोणी व्हायचं, हे काही ठरलं नाही."