आंत्रदाह आणि मातृत्व

१८५९ सालच्या मे महिन्यांत लंडनजवळील रिचमंड येथें इझाबेला बँक्स नांवाची, चाळिशी ओलांडलेली एक स्त्री मरण पावली. कित्येक आठवडे तिला ओकाऱ्या व जुलाब होत होते. पोटांत अन्न ठरत नव्हतें. तिची शुश्रूषा करणारा थॉमस स्मेथर्स्ट हा स्वतः डॉक्टर होता. पहिली पत्नी हयात असतांना त्यानें इझाबेलेशीं लग्न लावलें होतें आणि मृत्यूपूर्वीं दोन-तीन दिवसच तिनें आपलें मृत्युपत्र त्याच्या लाभाचें केलें होतें. संशय यावयास आणखी काय हवें? विष घातल्याच्या आरोपावरून त्याला पकडण्यांत आलें.

विषपरीक्षेंत त्या काळीं आल्फ्रेड स्वेन टेलर यांचा शब्द प्रमाण मानला जाई. एका बाटलींत सोमल सांपडल्याचें त्यांनीं सांगितलें होतें; परंतु तो सोमल बाटलींतला नसून परीक्षेसाठीं वापरलेल्या तांब्यांतूनच आला होता, हें त्यांनाच पुढें कबूल करावें लागलें. तरीहि ऑगस्टमध्यें ओल्ड बेली न्यायालयांत पंचांनीं स्मेथर्स्टला दोषी ठरविलें आणि त्याला फांशीची शिक्षा झाली.

शवपरीक्षेंत मात्र दोन गोष्टी आढळल्या होत्या. पहिली, मोठ्या आंतड्याला तीव्र दाह होऊन व्रण पडले होते. दुसरी, ती स्त्री कांहीं आठवड्यांची गरोदर होती. गायज् रुग्णालयाचे सॅम्युअल विल्क्स यांनीं तें आंतडें तपासलें आणि एका वैद्यकीय साप्ताहिकांत पत्र लिहून त्याचें वर्णन केलें. आज ज्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात, त्याच्या आरंभींच्या वर्णनांत या पत्राची गणना होते. लहान आंतड्याचा शेवटचा भागहि दाहानें ग्रासलेला असल्यामुळें हा क्रोन्स रोग असावा, असेंहि मत पुढें मांडलें गेलें. सरकारनें सर बेंजामिन ब्रॉडी यांचा अभिप्राय मागविला. अपराध निःसंशय सिद्ध झालेला नाहीं, असें त्यांनीं कळविलें आणि फांशी टळली. द्विभार्येच्या गुन्ह्याबद्दल मात्र स्मेथर्स्टला एक वर्षाचा कारावास भोगावा लागला.

या रोगाच्या इतिहासाच्या उंबरठ्यावरच एक गरोदर स्त्री उभी आहे, ही गोष्ट मला लक्षांत ठेवण्यासारखी वाटते. तिच्या बाबतींत खऱ्या रोगाला सोडून दुसऱ्यावरच संशय घेतला गेला. पुढील शंभर वर्षांतहि असेंच घडत राहिलें. संशयित तेवढे बदलले.

हा रोग जंतूंच्या साथीसारखा पसरणारा नव्हे. शरीराची संरक्षक शक्तीच आंतड्यावर उलटते, त्यांतून दाह होतो. तो कधीं भडकतो, कधीं महिनोन् महिने शांत असतो. १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयांतील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनीं लहान आंतड्याच्या अशा दाहाचे चौदा रुग्ण वर्णिले. त्यांतील पहिल्याचें नांव रोगाला मिळालें. तो बहुधा तरुणपणीं जडतो. म्हणजे संसार मांडावयाचा, मूल व्हावयाचें, नेमकें तेंच वय. अशा तरुणीला किती डॉक्टरांनीं आणि घरच्यांनीं ‘मुलाचा विचार सोडून द्या’ म्हणून सांगितलें असेल, त्याची नोंद कोणी ठेवलेली नाहीं.

अशा रीतीनें दुसरा संशय खुद्द गर्भावर आला. हें खरें आहे का, हें पाहण्याचा मार्ग सरळ होता. गर्भ राहिला तेव्हां रोग शांत होता कीं भडकलेला होता, हें पाहून बायकांचे निरनिराळे गट पाडावयाचे. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील डॉक्टरांनीं हें केलें. स्वतः क्रोन यांनींहि १९५६ सालीं सहकाऱ्यांसह या विषयावर लिहिलें. पुढील अनेक पाहण्यांनीं जें चित्र स्पष्ट झालें, तें असें. रोग शांत असतांना गर्भ राहिला तर बहुतेक बायकांचे दिवस निरोगी स्त्रीप्रमाणेंच पार पडतात. रोग भडकलेला असतां गर्भ राहिला तर तो पुष्कळदां शेवटपर्यंत भडकलेलाच राहतो; अशा वेळीं गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूति आणि कमी वजनाचें मूल यांचें भय वाढतें. दोष गर्भाचा नव्हता, अशांत रोगाचा होता.

तिसरा संशय औषधांवर आला. स्वीडनच्या नान्ना स्वार्ट्झ यांनीं सल्फासालाझिन उपयोगांत आणलें. १९५५ सालीं ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनीं २१० रुग्णांवरील प्रयोगानें कॉर्टिसोनचा गुण सिद्ध केला. पण पोटांत मूल असतांना औषध घ्यावें कसें? येथें सरसकट उत्तर चालत नाहीं. मेथोट्रेक्सेट हें औषध गर्भाला घातक आहे. तें गर्भधारणेच्या पुष्कळ आधींच बंद करावें लागतें. सल्फासालाझिन घेणारीनें फॉलिक ॲसिड अधिक घ्यावें लागतें. पुष्कळ इतर औषधें मात्र गरोदरपणींहि चालू ठेवतां येतात, आणि तीं भीतीपोटीं सोडल्यानेंच रोग उसळतो.

मूल न होण्याचा ठपका आपल्याकडे सहसा बायकोवर येतो. म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतों. १९७९ सालीं असें दिसून आलें कीं, सल्फासालाझिन घेणाऱ्या पुरुषांचें वीर्य मंदावतें आणि औषध बदलल्यावर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत् होतें. तपासणी दोघांचीहि व्हावी, हा त्याचा बोध. शस्त्रक्रियेचेंहि असेंच आहे. १९७८ सालीं लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयांतील पार्क्स आणि निकोल्स यांनीं मोठें आंतडें काढून लहान आंतड्याची पिशवी करण्याची रीत प्रसिद्ध केली. तिनें अनेकांची पोटावरच्या कृत्रिम मलद्वारापासून सुटका झाली. परंतु ओटीपोटांत आंतले भाग एकमेकांस चिकटल्यामुळें स्त्रियांना गर्भ राहणें कठीण होतें, हें मागाहून कळलें. ही गोष्ट तरुणीला शस्त्रक्रियेपूर्वींच सांगितली पाहिजे.

आपल्या घरांत सुनेला दिवस गेले कीं मायेनेंच सांगितलें जातें, ‘आतां तीं औषधें नकोत.’ माया खरी, पण सल्ला घातक ठरूं शकतो. मूल हवें असेल तर आधीं वैद्याला विचारावें, रोग शांत करावा, तो काहीं महिने शांत राहूं द्यावा, आणि कोणतें औषध ठेवावयाचें व कोणतें सोडावयाचें हें त्यालाच ठरवूं द्यावें. आईबापांपैकीं एकाला हा रोग असला तर मुलाला तो होण्याचा संभव थोडा वाढतो खरा. पण अशा बहुसंख्य मुलांना तो होत नाहीं.

रिचमंडच्या त्या स्त्रीला काय झालें होतें, हें तिच्या हयातींत कोणालाच सांगतां आलें नाहीं. आज तें सांगतां येतें. म्हणून आपल्या घरांतील आजारी मुलीपुढें भीति ठेवण्याऐवजीं हें ज्ञान ठेवणें, एवढें तरी आपणांस करतां येण्यासारखें आहे.